बाटलीबाहेरचे बूच

तृतीय वर्ष कला (भूगोल)

बूच ही वस्तू मराठी माणसाने कधी फारशी मनावर घेतलेली नाही. शाईची दौत, औषधाची बाटली, गुलाबपाण्याची कुपी, थर्मास यांच्या तोंडात गप्प बसून राहणे एवढेच तिचे काम. फार बोलणाऱ्याच्या ‘तोंडाला बूच लावा’ असे आपण म्हणतो, तेव्हाही बुचाचा गौरव करण्याचा आपला हेतू नसतो. आणि बाटली एकदा उघडली की घरातून सर्वांत आधी नाहीशी होणारी वस्तू कोणती, तर तेच बूच. मला लिहायचे आहे ते बाटलीतून बाहेर पडलेल्या, जगाच्या दृष्टीने निकामी झालेल्या बुचाविषयी. नदीकाठी, धरणावर, डोंगरात आणि बागेत रमणाऱ्या आपल्यासारख्यांना ते कुठे उपयोगी पडते, आणि कुठे ते मुळीच वापरू नये, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

प्राध्यापकवर्गाच्या भुवया वर जाण्यापूर्वी एक खुलासा करणे भाग आहे. ही बुचे वाईनच्या बाटल्यांची आहेत. माझे मामा नाशिकजवळच्या एका हॉटेलात वाढपी आहेत. गिऱ्हाइके उठून गेल्यावर टेबलावर राहिलेली बुचे ते जपून ठेवतात आणि सुट्टीला येताना पिशवी भरून आणतात. ‘घे, तुझ्या भूगोलाला,’ म्हणून ती माझ्यापुढे ओततात. आजीचा सुरुवातीला याला कडवा विरोध होता. ‘अगं, त्या बाटल्यांची बुचं घरात कशाला?’ असे ती म्हणे. आता तिच्या खुरप्याला याच बुचांची मूठ आहे, आणि हाताला फोड येत नाही म्हणून ती मूठ शेजारणींना कौतुकाने दाखवली जाते. तेव्हा बुचाचा उगम पाहू नये, गुण पाहावा, असा निकाल आमच्या घरापुरता तरी लागलेला आहे.

झाड न तोडता मिळणारी साल

गुण पाहायचा तर मात्र उगमापासूनच सुरुवात करावी लागते. खरे बूच म्हणजे ओक वृक्षाच्या एका जातीची साल. हा वृक्ष भूमध्य समुद्राच्या पश्चिम भागाभोवती वाढतो. पोर्तुगाल, स्पेन, मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, इटली आणि फ्रान्स हे त्याचे देश. जगातील जवळजवळ निम्मे बूच एकट्या पोर्तुगालातून येते. गंमत अशी, की पोर्तुगीज भाषेत ‘बुशा’ म्हणजे बोळा किंवा गुडदी, आणि आपला ‘बूच’ हा शब्द त्यावरूनच आला असे मानतात. म्हणजे वस्तूही तिकडची आणि नावही तिकडचेच. गोव्याच्या वाटेने आपल्याकडे आलेले.

या झाडाची विशेषता अशी, की त्याची साल काढली तरी झाड मरत नाही. साल पुन्हा वाढते. पण वाढते फार सावकाश. झाड सुमारे पंचवीस वर्षांचे झाले म्हणजे पहिल्यांदा ते सोलतात. उन्हाळ्याच्या दिवसांत कसलेले कामगार कुऱ्हाडीने, आतल्या जिवंत थराला धक्का न लावता, सालीचे मोठमोठे पत्रे सुटे करतात. मग बुंध्यावर पांढऱ्या रंगाने एक आकडा घालतात. तो आकडा म्हणजे त्या वर्षाचा शेवटचा अंक. पुढची सोलणी नऊ वर्षांनी. त्याआधी हात लावायचा नाही, असा पोर्तुगालात कायदाच आहे. पहिल्या दोन सोलण्यांची साल खडबडीत निघते. अखंड बाटलीचे बूच काढण्याजोगी साल मिळते ती तिसऱ्या सोलणीला. म्हणजे ज्याने झाड लावले त्याला चांगले बूच पाहायला चाळिशी ओलांडावी लागते. इतक्या धीराने तयार झालेली वस्तू आपण एका संध्याकाळच्या जेवणानंतर केराच्या टोपलीत टाकतो, ही गोष्ट मला खटकते. या लेखाचे एक मूळ तिथे आहे.

आपल्याकडे ‘बुचाचे झाड’ म्हणून ओळखले जाते ते वेगळे. पांढऱ्या, लांब देठाच्या, सुगंधी फुलांचा पहाटे सडा पडतो ती गगनजाई. तिच्या सालीपासून पूर्वी हलक्या प्रतीची बुचे करीत, म्हणून तिला हे नाव पडले. ओकचे आणि तिचे काही नाते नाही.

बूच इतके हलके का, याचे उत्तर १६६५ साली मिळाले. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्याला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी चिमुकली घरे दिसली. या घरांना त्याने जे नाव दिले तेच पुढे जीवशास्त्रात पेशींसाठी रूढ झाले. एका घन सेंटिमीटर बुचात अशा सुमारे चार कोटी पेशी असतात. पेशी मेलेल्या, आत हवा, आणि भिंतींत सुबेरिन नावाचा मेणासारखा पदार्थ. त्यामुळे पाणी सहजासहजी आत शिरत नाही, उष्णता पलीकडे जात नाही आणि दाबले तरी बूच पुन्हा फुगून पूर्ववत होते. तरंगणे, न तापणे आणि न घसरणे हे बुचाचे तीन गुण. पुढचे सर्व उपयोग या तिघांतून निघतात. क्रिकेटच्या चेंडूच्या गाभ्यात आणि पिसांच्या शटलकॉकच्या टोकाशी बूच असते तेही याच गुणांमुळे. म्हणजे मैदानावर आपण रोज बूचच खेळत असतो.

एक वेश, तीन जाती

मामांच्या पिशवीतील सर्वच बुचे मात्र खरी नसतात. वाईनला कधी कधी कुबट, ओल्या गोणपाटासारखा वास येतो. बुचात तयार होणारे एक क्लोरीनयुक्त संयुग याला कारण असते, हे १९८१ साली सिद्ध झाले. त्यावर उपाय म्हणून १९९० च्या दशकात कृत्रिम बुचे बाजारात आली. ती बहुतेक पॉलिएथिलीनच्या फेसाची असतात. म्हणजे ज्या घराण्यातील आपली दुधाची पिशवी, त्याच घराण्यातील हे बूच. तिसरी जात म्हणजे खऱ्या बुचाचा भुगा किंवा दाणे चिकटद्रव्याने बांधून केलेले बूच. फेसाळणाऱ्या वाईनचे जे छत्रीसारखे फुगलेले बूच असते, त्याचे बहुतेक अंग असे दाण्यांचे आणि तळाला खऱ्या बुचाच्या चकत्या असतात. चौथा प्रकार म्हणजे आट्यांचे धातूचे झाकण. नाशिककडच्या बऱ्याच बाटल्यांना आता तेच असते. त्याचा आपल्या कामाला उपयोग नाही.

या जाती ओळखता येणे हीच सगळ्या विषयाची गुरुकिल्ली आहे. कारण उत्पादक कृत्रिम बुचालाही तपकिरी रंग आणि सालीसारखी नक्षी देतात. वरवर पाहणारा फसतो. ओळखण्याची रीत अशी:

पहिली पाहणी. खऱ्या बुचाच्या अंगावर काळपट तपकिरी बारीक खळगे आणि रेषा असतात. ही झाडाची वल्करंध्रे. ती प्रत्येक बुचावर वेगळी. दोन बुचे सारखी दिसत नाहीत. कृत्रिम बुचाचे सगळे भाऊ एकाच चेहऱ्याचे.

दुसरा काप. धारदार पात्याने मधोमध कापा. खऱ्याचा काप रेषारेषांचा, सालीचे वार्षिक थर दाखवणारा. कृत्रिमाचा काप पावाच्या लादीसारखा एकसारखा सच्छिद्र आणि बाहेरून गुळगुळीत कातडी. दाण्यांच्या बुचाचा काप शेंगदाण्याच्या चिक्कीसारखा.

तिसरी तापलेली सुई. ही परीक्षा अगदी शंका असेल तरच, आणि उघड्यावर. तापलेली सुई टेकवली की खरे बूच काळे पडते आणि जळक्या लाकडासारखा वास येतो. कृत्रिम बूच वितळून सुईला चिकटते आणि त्याचा वास मेणबत्ती विझवल्यासारखा असतो. तो हुंगत बसू नये.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उसापासून केलेल्या प्लॅस्टिकची बुचेही आता निघाली आहेत. ऊस म्हटले की आपल्याला जिव्हाळा वाटतो, आणि ‘वनस्पतिजन्य’ हा शब्द वाचून ते मातीत कुजेल असा समज होतो. तो चुकीचा आहे. उसापासून केले तरी ते पॉलिएथिलीनच. खनिज तेलापासून केलेल्यासारखेच ते मातीत वर्षानुवर्षे पडून राहते.

पाण्यावर

पाण्यावरचा सर्वांत सोपा उपयोग किल्ल्यांना. होडीत बसताना किंवा धरणात पाय सोडून बसलो असताना किल्ली पाण्यात पडली तर ती गेलीच. तिला बूच बांधावे, हे खरे, पण किती? इथे अंदाजाने काम करू नये, गणित करावे.

वाईनचे साधे बूच सुमारे २४ मिलिमीटर जाड आणि ४४ मिलिमीटर लांब असते. त्याचे घनफळ साधारण २० घन सेंटिमीटर. आमच्या किराणा दुकानाच्या काट्यावर मी दहा खरी बुचे ठेवली, तर वजन ३७ ग्रॅम भरले. म्हणजे एक बूच पावणेचार ग्रॅमचे. ते पूर्ण बुडले तर २० ग्रॅम पाणी बाजूला सारते, म्हणून उरलेले सुमारे १६ ग्रॅम वजन ते उचलून धरू शकते. दहा कृत्रिम बुचे ६२ ग्रॅम भरली. तेव्हा त्यांची उचल प्रत्येकी १४ ग्रॅमच्या आत. पन्नास ग्रॅमचा पितळी किल्ल्यांचा जुडगा पाण्यात सुमारे ४४ ग्रॅमचा होतो. तीन खरी बुचे त्याला कशीबशी तोलतील. कडी आणि दोरीचे वजन धरले तर चार हवीत. एका बुचाची किल्लीसाखळी दिसायला सुबक असते, पण ती किल्लीबरोबर तळाला जाते. म्हणून दोरी बांधून झाल्यावर बादलीभर पाण्यात एक रात्र ठेवून पाहावे. सकाळी वर असेल तर काम फत्ते.

हेच गणित आणखी एका कारणासाठी महत्त्वाचे आहे. आपल्या खेड्यांत मुले पोहायला शिकताना पाठीला वाळका भोपळा किंवा पांगाऱ्याचे हलके लाकूड बांधीत. ते पाहिलेल्या कोणाच्या मनात येईल, की बुचांची माळ करून कमरेला बांधावी. माणसाचे डोके पाण्याबाहेर राहण्यासाठी पाच किलोची उचल धरली, तरी तीनशेहून अधिक बुचे लागतील, आणि ती छातीशी घट्ट बसलेली असावी लागतील. बुचाने माणसे वाचवली आहेत हे खरे. इंग्लंडमधील जीवरक्षक होड्यांच्या संस्थेसाठी कॅप्टन वॉर्ड यांनी १८५४ साली बुचाचे जाकीट तयार केले. १८६१ च्या फेब्रुवारीत व्हिटबी बंदरात अशी होडी उलटली, तेव्हा तेरांपैकी बारा जण बुडाले. वाचला तो हेन्री फ्रीमन. नवे बुचाचे जाकीट त्याच्याच अंगावर होते. पण ते जाकीट मोजूनमापून केलेले होते. आपली माळ म्हणजे खेळणे. जलाशयात उतरायचे तर दुकानातील प्रमाणित जाकीटच घालावे. या बाबतीत काटकसर करू नये.

दुसरा उपयोग गळाचा. तंगुसावर बांधलेला तरंगता तुकडा डुचकळला, म्हणजे मासा लागला. माझे आजोबा यासाठी ज्वारीच्या धाटाचा तुकडा किंवा मोराच्या पिसाचा देठ वापरीत. धाट दोन दिवसांत भिजून फुगते, बूच टिकते. करण्याची रीत सोपी आहे. बूच लांबीच्या दिशेने गिरमिटाने आरपार भोकावे. घाईने टोचल्यास खरे बूच फाटते, म्हणून आधी बारीक भोक पाडून मग मोठे करावे. भोकात रिकाम्या बॉलपेनची कांडी बसवावी, म्हणजे तंगूस बुचाला कापत नाही. मग पॉलिश पेपरने घासून बूच खाली निमुळते करावे. बोथट बुचाला पाण्याचा रोध जास्त, त्यामुळे माशाला ओढ जाणवते आणि तो आमिष सोडतो. वरचा अर्धा भाग केशरी रंगवावा. पाण्यावरच्या चकाकीत तोच लांबून दिसतो. खालचा भाग रंगवू नये. खऱ्या बुचाला शेवटी पातळ मेण किंवा व्हार्निश लावावे. कृत्रिमाला त्याची गरज नाही, मात्र त्याच्यावर साधा रंग धरत नाही. रंगीत चिकटपट्टी गुंडाळावी. वजनासाठी शिसे वापरू नये. ते विषारी आहे आणि पाणपक्षी ते खडा समजून गिळतात. लहान लोखंडी नट चालतो. जलाशयातील मासेमारीचा हक्क बहुधा सहकारी संस्थेकडे किंवा ठेकेदाराकडे असतो, तेव्हा आधी विचारून घ्यावे. आणि अभयारण्यात गळ टाकण्याचा विचारही करू नये.

तिसरा उपयोग आमच्या विषयातला. नदीच्या पाण्याचा वेग मोजण्याची एक जुनी रीत आहे. काठावर दहा मीटर अंतर मोजून दोन खुणा करायच्या, वरच्या बाजूने तरंगती वस्तू सोडायची आणि वेळ मोजायची. नुसते बूच यासाठी फार हलके. वारा त्याला भलतीकडे नेतो. त्यात दोनतीन लोखंडी खिळे ठोकले की ते गळ्यापर्यंत बुडून पाण्याबरोबर चालते. दहा मीटरला २५ सेकंद लागले तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ४० सेंटिमीटर. तळाशी पाणी घर्षणाने मंद असते, म्हणून याला ०.८५ ने गुणतात. सरासरी वेग आला ३४ सेंटिमीटर. पाच वेळा मोजून मध्य काढावा. हजारो रुपयांच्या यंत्राचे काम चार बुचे करतात. फक्त खालच्या खुणेपाशी एकाने चाळणी किंवा जाळी घेऊन उभे राहावे, आणि सोडलेली बुचे मोजून परत घ्यावीत.

मोजून परत का घ्यावीत

या वाक्यावर मी मुद्दाम थांबते. २०२३ च्या डिसेंबरात आम्ही काही विद्यार्थी एका धरणाच्या फुगवट्यावर पक्षी मोजायला गेलो होतो. गाळात उभा असलेला एक पाणकावळा उडत नव्हता. दुर्बिणीतून पाहिले तर त्याच्या पंखाला आणि पायाला तंगूस गुंडाळलेला, आणि तंगुसाच्या टोकाला एक बूच लोंबत होते. तो उडू पाही तेव्हा तंगूस झुडपाला अडके आणि बूच फांद्यांत गुंतून त्याला मागे ओढी. आमच्यातील दोघांनी त्याच्यावर टॉवेल टाकून तंगूस कापला. पक्षी गेला, बूच माझ्या हाती राहिले. ते तपकिरी, सालीची नक्षी असलेले आणि एकदम नव्यासारखे होते. काप घेऊन पाहिले. कृत्रिम.

कोणीतरी ते हौसेने केले होते. भोक नीट पाडलेले होते, गाठ चांगली होती. टाकाऊतून टिकाऊ करण्याचा आनंद त्यालाही झाला असेल. पण ‘टिकाऊ’ या शब्दाला दुसरीही बाजू आहे. वस्तू आपल्या हातात असेपर्यंत तिचे टिकाऊपण हा गुण असतो. हातून सुटली की तोच दोष होतो. खरे बूच पाण्यात सुटले तर ते कधी ना कधी झिजेल, मातीला मिळेल. कृत्रिम बुचाचे फक्त तुकडे होतील. आणि तंगूस तर दोन्हींच्या मागे राहील.

नांदूर मध्यमेश्वर हे आपल्या राज्यातील पहिले रामसर पाणथळ स्थळ २०२० साली घोषित झाले, याचा आपण अभिमान बाळगतो. पण पाणथळ जागा फलकाने राखली जात नाही, ती आपल्या खिशाने राखली जाते. गेलेला गळ, तुटलेला तंगूस, सुटलेले बूच, जे दिसेल ते खिशात घालून परत आणायचे. तेव्हापासून माझा नियम असा आहे, की जिथे वस्तू हातून सुटण्याची शक्यता आहे, म्हणजे गळाला आणि नदीच्या मोजणीला, तिथे फक्त खरे बूच. जिथे ती बांधलेली राहते, म्हणजे किल्लीला किंवा होडीच्या दोरीला, तिथे कृत्रिम चालते. उन्हापावसात ते अधिक टिकते.

डोंगरावर आणि चुलीपाशी

डोंगरात जाणाऱ्यांना बुचाचा न तापण्याचा गुण उपयोगी. पातेल्याच्या झाकणावरील तारेच्या कडीत खऱ्या बुचाचा अर्धा तुकडा दाबून बसवला की झाकण हाताने उचलता येते. कृत्रिम बूच इथे वितळेल आणि डाळीत पडेल. काठीची मूठही खऱ्या बुचाचीच करावी. आठ-नऊ बुचे घेऊन त्यांची टोके सपाट कापावीत, मधून काठीच्या जाडीचे भोक पाडावे, एकापुढे एक ओवून मध्ये दोन नळ्यांचे एपॉक्सी चिकटद्रव्य लावावे आणि एक दिवस दोरीने आवळून ठेवावे. वाळल्यावर आधी जाड आणि मग बारीक पॉलिश पेपरने घासत तळहातात बसेल असा आकार द्यावा. अशी मूठ घामाने निसटत नाही आणि थंडीत गार लागत नाही. आजीच्या खुरप्याचे रहस्य हेच.

चाकूचे टोक, छत्रीची टोकदार काडी, तंबूच्या मेखा यांना बुचाची टोपी घातली तर पिशवी फाटत नाही. गळ ठेवण्यासाठी मात्र कृत्रिम बूच बरे. खरे बूच ओलावा धरते आणि त्यात खुपसलेला गळ गंजतो.

बुचे स्पिरिटमध्ये भिजवून चूल पेटवायला न्यावीत असा सल्ला पुष्कळ जण देतात. मला तो पसंत नाही. खरे बूच मुळात सावकाश जळणारे आहे. वणव्यापासून झाडाचे रक्षण करण्यासाठीच निसर्गाने ही साल दिली. भिजवलेल्या बुचात जळते ते मुख्यतः स्पिरिट. त्यासाठी पाठीवरच्या पिशवीत स्पिरिटची बरणी वागवणे धोक्याचे आहे. कृत्रिम बूच जाळणे तर कुठेच योग्य नाही. आणि उन्हाळ्यात वाळक्या गवताच्या डोंगरावर आग न पेटवणे हेच उत्तम. जळलेल्या बुचाचा एक निरुपद्रवी उपयोग मात्र आपल्याला ठाऊक आहे. स्नेहसंमेलनातील एकांकिकेत मिशा काढायला त्याची काजळी छान चालते!

मातीत

बागेत खऱ्या बुचाचे बारीक तुकडे कुंडीच्या मातीवर पसरावेत. ओल टिकते आणि पाणी घालताना माती उडत नाही. त्यापासून खत मिळेल अशी अपेक्षा करू नये. ते कुजायला फार वेळ घेते. बांबूच्या काडीवर खोचून रोपांच्या नावांच्या खुणाही होतात. शाई मात्र न पुसली जाणारी हवी. कृत्रिम बुचे मोठ्या कुंडीच्या तळाला, वजन कमी करण्यासाठी अखंड घालता येतात. कुंडी बदलताना ती मोजून काढून घ्यावीत. ती चिरून मातीत कधीही मिसळू नयेत. दाण्यांच्या बुचातही कृत्रिम चिकटद्रव्य असते, म्हणून मातीच्या बाबतीत मी त्यांना कृत्रिमांच्या पंगतीला बसवते.

झाडाचे काय?

एक शंका पुष्कळ जण विचारतात. खरे बूच वापरणे म्हणजे झाडावर अन्याय नव्हे काय? वस्तुस्थिती उलट आहे. सालीला भाव आहे म्हणून तेथील शेतकरी ही राने राखतो. त्या विरळ रानांत गुरे चरतात, ओकची फळे डुकरे खातात, आणि आयबेरियन लिंक्ससारखे दुर्मिळ रानमांजर व शाही गरुड त्यांच्याच आश्रयाने राहतात. बुचाला मागणी राहिली नाही तर ही राने तोडली जातील किंवा ओस पडून वणव्यात जातील, असा इशारा जागतिक वन्यजीव निधीने २००६ साली दिला होता. पोर्तुगालात ‘ग्रीन कॉर्क’ नावाच्या योजनेत २००८ पासून वापरलेली बुचे गोळा करतात आणि त्यातून येणारा पैसा देशी झाडे लावण्याकडे जातो. गोळा झालेल्या बुचाची पुन्हा बाटलीची बुचे करीत नाहीत. त्याचा भुगा करून फरशीखालचे थर आणि इतर वस्तू बनवतात. म्हणजे तिथेही बुचाला दुसरे काम द्यावेच लागते.

आपल्याकडे बुचांचे ढीग नाहीत, आणि व्हावेत असेही मी म्हणत नाही. पण जी आहेत ती केरात जाण्यापूर्वी एकदा हातात घेऊन पाहावीत, कापून पाहावीत आणि मग त्यांची वाटणी करावी. भूगोल विभागाच्या व्हरांड्यात, नकाशांच्या कपाटाशेजारी, मी पत्र्याचे दोन डबे ठेवले आहेत. एकावर ‘झाडाचे’ आणि दुसऱ्यावर ‘प्लॅस्टिकचे’ असे लिहिले आहे. लग्नकार्यात, हॉटेलात, कोणाच्या घरी, जिथे बूच सापडेल तिथून आणून योग्य डब्यात टाकावे. कोणत्या डब्यात टाकावे हे कळेना, तर शेजारी एक जुने पाते बांधून ठेवले आहे. काप घ्या आणि पाहा. पाते मात्र जागच्या जागी ठेवा.